समोरच्या घरात लाईट होती

आमच्या घरात गॅस होता. तिन्ही दिवस होता. किचनमधली शेगडी काडी लावली की पेटत होती, वर अ‍ॅटिकमध्ये बसवलेल्या, घर तापवणाऱ्या फर्नेसपर्यंतही गॅस व्यवस्थित पोचत होता, आणि तरीसुद्धा बुधवारी सकाळी हॉलमधल्या थर्मामीटरवर ७ डिग्री सेल्सिअस दिसत होतं, कारण फर्नेसमध्ये तापलेली हवा खोल्यांमध्ये ढकलणारा ब्लोअर विजेवर चालतो आणि फर्नेस चालू-बंद करणारा सर्किट बोर्डही विजेवरच चालतो. वीज गेली की गॅस असून नसल्यासारखा. घर घेऊन पाच वर्षं झाली होती तरी हे मला माहीत नव्हतं. पुढे जे काही वाचलं, समजून घेतलं त्या सगळ्यात मला आमच्या अ‍ॅटिकमधला तो थंड पडलेला ब्लोअरच दिसत राहिला.

ही फेब्रुवारी २०२१ ची गोष्ट, टेक्सासमधली. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मी, नवरा, तेव्हा सात वर्षांची असलेली लेक आणि सासूबाई. आई २०२० च्या जानेवारीत सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि कोविडमुळे इथेच अडकल्या होत्या. हे लिहायला मी खूप वेळा बसले आणि उठले, कारण लिहायला लागलं की राग येतो आणि रागात नीट लिहिता येत नाही. राग अजूनही आहे. पण मधल्या काळात त्या आठवड्यावरचे रिपोर्ट वाचले, जे कळत नव्हतं ते विचारून घेतलं, आणि आता वाटतं की जे समजलंय ते आपल्या भाषेत लिहून ठेवावं.

रविवार, १४ फेब्रुवारी. दुपारपासून बर्फ पडायला लागला. भुरभुरीत, कोरडा बर्फ, आमच्याकडे असा क्वचितच पडतो. लेक अंगणात जाऊन सॉक्सचेच हातमोजे करून खेळून आली. फोनवर मेसेज येत होते की विजेची मागणी फार वाढलीये, थर्मोस्टॅट खाली करा, वॉशिंग मशीन लावू नका, गरज पडली तर रोटेटिंग आउटेज होतील म्हणजे आलटून पालटून थोडा थोडा वेळ वीज जाईल. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे लोडशेडिंगच की गं! त्यात काय एवढं, वेळ कळली म्हणजे झालं, त्याआधी पोळ्या करून ठेवू." आपल्याला लोडशेडिंग म्हटलं की टाईमटेबल आठवतं, आज आपल्या भागात सकाळी, उद्या दुपारी, आणि जाणारी वीज परत येणार हे गृहीत असतं. मीही तेच धरून चालले होते. मेणबत्त्या काढून ठेवल्या, फोन चार्ज केले आणि झोपलो.

रात्री दोनच्या आसपास वीज गेली. चाळीस मिनिटांत येईल म्हणून परत झोपलो. पहाटे पाचला लेक आमच्या पांघरुणात घुसली तेव्हा तिचे पाय गार दगडासारखे लागले आणि तेव्हा कळलं की वीज आलेलीच नाही.

त्या रात्री ग्रिडमध्ये, म्हणजे पॉवर प्लांट आणि घरं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, काय चाललं होतं हे नंतर कळलं. टेक्सासच्या बहुतेक भागाचं ग्रिड अर्कॉट नावाची संस्था चालवते. त्यांनी रात्री १ वाजून २० मिनिटांनी वीज तोडायचा पहिला आदेश दिला, कारण मागणी चढत होती आणि एकामागून एक जनरेटर बंद पडत होते. इथे फ्रिक्वेन्सी हा शब्द समजून घ्यायला लागतो, मला तो समजायला बराच वेळ लागला. ग्रिडला जोडलेली पारंपरिक पॉवर प्लांटमधली सगळी मोठी फिरती यंत्रं एका तालात फिरतात, लेझीमच्या पथकासारखी. अमेरिकेत हा ताल सेकंदाला ६० आवर्तनांचा, आपल्याकडे ५० चा. वीज तयार होते त्याच क्षणी ती वापरली जाते, मध्ये गोडाऊन नाही. त्यामुळे लोड, म्हणजे विजेचा वापर, जास्त आणि वीज कमी झाली की सगळी यंत्रं एकदम जड होऊन हळू फिरायला लागतात आणि ताल ६० च्या खाली घसरतो. फार घसरला तर टर्बाइनला धोका असतो म्हणून जनरेटर स्वतःला वाचवायला ग्रिडपासून तुटतात, ते तुटले की उरलेल्यांवर भार अजून वाढतो, मग तेही तुटतात. त्या रात्री फ्रिक्वेन्सी ५९.४ च्या खाली ४ मिनिटं २३ सेकंद राहिली, सगळ्यात खाली ५९.३०२ पर्यंत गेली. ती ९ मिनिटं तशीच राहिली असती तर आणखी बरेच जनरेटर आपोआप सुटे झाले असते आणि अख्खं ग्रिड कोसळलं असतं. मधे उरली होती ४ मिनिटं ३७ सेकंद. ग्रिड पूर्ण कोसळलं की ते शून्यापासून उभं करायला, ज्याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात, आठवडे लागू शकतात. कंट्रोल रूममधल्या माणसांनी पटापट लोड तोडून ते वाचवलं. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या चार मिनिटांत तिथे बसून हजारो मेगावॅट तोडायचा निर्णय घेणं, आणि तोडणं म्हणजे कोणाच्या तरी घरातली ऊब तोडणं हे माहीत असताना घेणं, सोपं नाही. आमचं घर त्या तोडलेल्यांत होतं आणि तरी मी हे लिहितेय.

पण पुढच्या तीन दिवसांचं काय, हा प्रश्न त्या आदरात विरघळत नाही.

सोमवारी सकाळी पडदा सरकवला तर समोरच्या घरात लाईट होती. रस्ता ओलांडला की तिसरं पाऊल त्यांच्या अंगणात पडतं, इतकं जवळ घर. पोर्चवरचा दिवा चालू, किचनमध्ये उजेड, वरच्या खिडकीत टीव्हीचा निळा रंग हलताना दिसत होता. त्यांच्या बाजूची सगळी घरं तशीच. आमच्या बाजूची सगळी घरं काळोखात. रस्त्याच्या मधोमध जणू कोणी रेघ मारली होती. मला वाटलं आता दुपारी उलट होईल, त्यांची जाईल आणि आमची येईल, हेच तर रोटेटिंग. दुपार झाली, संध्याकाळ झाली. मंगळवारी दुपारी आमची वीज पाऊण तासासाठी आली, मी धावत जाऊन भात लावला, फर्नेस सुरू झाली, सगळ्यांनी व्हेंटपाशी हात धरले, आणि परत गेली ती गेलीच. समोरच्यांची एक मिनिटही गेली नाही.

हे का झालं, ते कोणी तेव्हा सांगितलं नाही. आमच्या वीज कंपनीचा फोन लागत नव्हता, मॅपवर आमचा भाग दिसतच नव्हता, मेसेज करून विचारलं तर ठराविक उत्तर यायचं. कारण नंतर वाचून कळलं. वीज घराघरात जाते ती फीडरवरून, म्हणजे सबस्टेशनमधून एकेका भागाकडे जाणाऱ्या तारेवरून, आणि तोडायची ती पण फीडरच्या हिशोबाने. ज्या फीडरवर हॉस्पिटल आहे, फायर स्टेशन आहे, पाण्याचं पंपिंग आहे तो तोडत नाहीत, आणि त्याच तारेवर जी घरं असतात त्यांची वीज सोबतीने राहते. ह्याबद्दल कोणाची तक्रार असायचं कारण नाही. शिवाय काही फीडर ऑटोमॅटिक रिलेवर ठेवलेले असतात, फ्रिक्वेन्सी ५९.३ ला आली की माणसाने बटण दाबायची वाट न बघता ते आपोआप तुटायला लागतात, ही शेवटची ढाल असते, आणि टेक्सासमध्ये एकूण लोडच्या २५ टक्के लोड असा राखून ठेवायचा नियम होता. म्हणजे तोही हाताने तोडता येत नाही. एरवी हजार-दोन हजार मेगावॅटची तूट असेल तर उरलेल्या फीडरमध्ये पाळ्या लावता येतात. पण त्या आठवड्यात तोडायचा आकडा २०,००० मेगावॅटपर्यंत गेला. राखीव बाजूला काढले, हॉस्पिटलवाले बाजूला काढले, तर जे उरले ते सगळेच्या सगळे तोडून जेमतेम हिशोब बसत होता. पाळी बदलायला कोणी शिल्लकच नव्हतं. ४५ लाखांपेक्षा जास्त घरं आणि दुकानं-ऑफिसं अंधारात होती, आणि कोण अंधारात आणि कोण उजेडात हे ठरलं ते आपलं घर कुठल्या तारेवर आहे त्यावरून, म्हणजे घर बांधलं तेव्हा कोणीतरी काढलेल्या एका नकाशावरून.

आईंनी दोन दिवस हेच एक वाक्य धरून ठेवलं होतं, "एकदा त्यांची घ्या, एकदा आमची घ्या, असं का नाही करत?" मला उत्तर माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि तरी तो प्रश्न बरोबरच होता असं वाटतं. तूट इतकी मोठी होऊच का दिली, हा त्या प्रश्नाचाच पुढचा भाग आहे.

आमच्या शेजारी, आमच्याच काळोख्या बाजूला, एक ऐंशीच्या पुढचे आजोबा एकटे राहतात. त्यांच्याकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर होतं. ते मशीन विजेवर चालतं. बॅकअपला दोन सिलिंडर होते. सोमवारी दुपारी नवरा बघायला गेला तर ते कोट, टोपी घालून पलंगावर बसले होते आणि कागदावर पेन्सिलीने हिशोब करत होते की दोन सिलिंडर किती तास पुरतील. फ्लो कमी करून वापरत होते. समोरच्यांकडे जाऊन बसा म्हटलं तर नको म्हणाले, तेव्हा कोविडची लस आमच्या आईंना किंवा त्यांना मिळालेली नव्हती आणि त्यांच्या फुफ्फुसांना तो धोका घ्यायचा नव्हता. थंडी की कोविड, असं त्या दिवसांत किती घरांत माणसं मोजत बसली असतील.

शेवटी समोरच्या घरातल्या बाईंनीच मार्ग काढला. त्यांच्या गॅरेजमध्ये जाड नारिंगी एक्स्टेन्शन कॉर्ड होती, आमच्याकडे एक होती, दोन्ही जोडल्या, जोडावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून टेप मारली, रस्त्यावर दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या ठेवून मधून ती कॉर्ड नेली म्हणजे एखादी गाडी आलीच तर थेट तिच्यावरून जाऊ नये. बर्फावर ती नारिंगी रेघ अजून डोळ्यांसमोर आहे. आजोबांचं कॉन्सन्ट्रेटर सुरू झालं तेव्हा त्यांनी खिडकीतून हात वर केला. रात्री दर दोन तासांनी नवरा आणि समोरचे काका आळीपाळीने टॉर्च घेऊन कॉर्ड बघून यायचे. म्हणजे पाळ्या लागल्या, पण अशा.

मंगळवारी पहाटे डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उणे १९ सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. त्या रात्री आई समोर जायला तयार झाल्या. मास्क, त्यावर ओढणी, खिडकी थोडी उघडी ठेवून त्यांच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या आणि लेक त्यांच्या मांडीवर. आम्ही दोघं घरीच राहिलो कारण नळ थेंब थेंब चालू ठेवायला लागत होते, पाईप गोठून फुटू नयेत म्हणून. शेगडी पेटवून घर तापवायचा मोह फार होतो, खरंच फार होतो, पण बंद घरात शेगडी, कोळशाची भट्टी, जनरेटर किंवा गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. वास नाही, रंग नाही. माणसं झोपेत जातात. हे वाचणाऱ्यांपैकी जे थंड प्रदेशात राहतात त्यांनी कृपा करून बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साईड अलार्म घरात लावून घ्या, आजच.

राज्याच्या आरोग्य खात्याने नंतर त्या वादळाच्या मृत्यूंचा आकडा २४६ दिला. त्यातले जवळजवळ दोन-तृतीयांश थंडीनेच गेले, १९ जण कार्बन मोनॉक्साईडने, काही बंद पडलेल्या वैद्यकीय मशीनमुळे आणि आधीच्या आजारामुळे. जगातल्या सगळ्यात जास्त तेल आणि गॅस काढणाऱ्या प्रदेशांपैकी एका प्रदेशात, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर माणसं गारठून गेली.

आता विजेच्या सोर्सचं भांडण. बुधवारी फोनला जरा रेंज आली तर फॅमिली ग्रुपवर तीन ठिकाणांहून एकच फोटो आला होता, हेलिकॉप्टरमधून पवनचक्कीच्या पात्यावर पाणी मारून बर्फ काढतायत असा, आणि खाली लिहिलेलं की बघा तुमच्या ग्रीन एनर्जीने टेक्सास बुडवलं. तो फोटो स्वीडनमधला होता, काही वर्षांपूर्वीचा. राज्याचे गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनीही टीव्हीवर पवन आणि सौर ऊर्जेकडे बोट दाखवलं. पवनचक्क्या गोठल्या हे खोटं नाही, त्यातल्या बऱ्याच गोठल्या कारण टेक्सासमध्ये पाती गरम ठेवायची सोय बसवलेली नव्हती, जी थंड देशांमध्ये बसवतात. पण संघीय ऊर्जा नियामक आणि ग्रिडच्या विश्वासार्हतेवर लक्ष ठेवणारी संस्था यांनी मिळून नोव्हेंबर २०२१ मध्ये मोठा रिपोर्ट काढला, त्यात टेक्सास आणि आजूबाजूच्या राज्यांत मिळून १०४५ जनरेटिंग युनिट अडचणीत आल्याचं लिहिलंय, आणि अचानक बंद पडलेल्या किंवा पूर्ण क्षमतेने चालू न शकलेल्या युनिटमध्ये ५८ टक्के नैसर्गिक गॅसवरची होती, २७ टक्के पवनचक्क्या. कोळशाचीही होती. अणुऊर्जेचंसुद्धा एक. साउथ टेक्सास प्रोजेक्टचं युनिट १, सुमारे १३०० मेगावॅटचं, सोमवारी पहाटे बंद पडलं, आणि कशामुळे तर फीडवॉटर पंपावरच्या प्रेशर मोजणाऱ्या बारीक नळीतलं पाणी गोठलं म्हणून. रिअ‍ॅक्टरला काही झालं नव्हतं. नळी गोठली, सेन्सरला प्रेशर चुकीचं दिसलं, सिस्टिमने सुरक्षेसाठी युनिट बंद केलं. इथले पॉवर प्लांट उन्हाळ्याचा विचार करून बांधलेले असतात, उष्णता बाहेर जावी म्हणून बरेचदा भिंतीच नसतात, यंत्रं उघड्यावर. उत्तरेकडच्या राज्यांत तीच यंत्रं इमारतीच्या आत असतात. तिथे उणे तीसमध्येही चालतात.

पण मला सगळ्यात जास्त हादरवलं ते गॅस आणि विजेच्या एकमेकांत अडकण्याने. गॅसच्या विहिरीतून गॅससोबत पाणी येतं, ते पाणी गोठलं की विहिरीचं तोंडच बुजतं. टेक्सासचं गॅस उत्पादन त्या आठवड्यात जवळजवळ निम्म्यावर आलं. त्यातला काही भाग गोठल्यामुळे, आणि काही भाग वीज गेल्यामुळे, कारण विहिरीवरचे पंप, पाईपलाईनमध्ये गॅस पुढे ढकलणारे काही कंप्रेसर, गॅस साफ करणारे प्लांट हे विजेवर चालतात, आणि बऱ्याच गॅस कंपन्यांनी आमची वीज तोडू नका, आम्ही अत्यावश्यक आहोत, असा फॉर्मच भरलेला नव्हता. मग झालं काय, ग्रिड वाचवायला लोड तोडलं, त्यात गॅसच्या यंत्रणेची वीज गेली, गॅस कमी आला, पॉवर प्लांटला गॅस मिळेना, वीज अजून कमी झाली, अजून लोड तोडावं लागलं. जमिनीत गॅस होता, पाईप होते, प्लांट होते, आणि ढकलणारं यंत्र बंद. आमच्या अ‍ॅटिकमध्ये जे झालं तेच अख्ख्या राज्यात झालं होतं. हे वाचलं त्या रात्री मी उठून अ‍ॅटिकची शिडी खाली ओढली आणि वर जाऊन ब्लोअरची वायर कुठून येते ते बघितलं. का बघितलं ते सांगता येत नाही, पण बघितलं.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं, रागाचं मूळ तिथे आहे. डिसेंबर १९८९ मध्ये अशीच कडाक्याची थंडी आली होती, प्लांट गोठले होते, वीज तोडायला लागली होती. २ फेब्रुवारी २०११ ला परत तेच, ३२ लाख ग्राहकांची वीज गेली. त्यानंतर त्याच दोन संस्थांनी ऑगस्ट २०११ मध्ये रिपोर्ट लिहिला, नळ्यांना इन्सुलेशन करा, हीटर लावा, वारा अडवणारे आडोसे उभे करा, गॅसवाल्यांची वीज तोडू नका. सगळं लिहिलेलं आहे, साध्या भाषेत. फक्त ते बंधनकारक नव्हतं, करा म्हणून सुचवलेलं होतं, आणि दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या थंडीसाठी पैसे घालायला बाजाराच्या हिशोबात जागा नव्हती. एल पासो हे शहरही टेक्सासमध्येच आहे, पण अगदी पश्चिम टोकाला, आणि ते अर्कॉटच्या ग्रिडमध्ये नाही, पश्चिमेकडच्या राज्यांच्या ग्रिडला जोडलेलं आहे. २०११ मध्ये तेही अंधारात गेलं होतं. त्यानंतर तिथल्या कंपनीने यंत्रणा थंडीसाठी तयार केली, नवा प्लांट अशा थंडीत चालेल असा बांधला. २०२१ मध्ये तिथे थोड्या लोकांची वीज थोडा वेळ गेली, बस. एकच राज्य, एकच रिपोर्ट, एका ठिकाणी वाचला गेला.

टेक्सासने स्वतःचं ग्रिड वेगळं ठेवलंय ते १९३५ च्या कायद्यामुळे केंद्राचे नियम राज्याबाहेर वीज विकणाऱ्यांना लागू होतात म्हणून, तार राज्याची सीमा ओलांडत नाही तोवर आपण आपले मालक, हा तो विचार. बाहेरच्या ग्रिडशी आणि मेक्सिकोशी जोडणाऱ्या डीसी लाईन आहेत, पण सगळ्या मिळून सुमारे १२०० मेगावॅटच्या. तूट २०,००० ची. आता ह्यात प्रामाणिकपणे हेही सांगायला पाहिजे की उत्तरेकडच्या शेजारी ग्रिडमध्येही त्या दोन दिवसांत वीज तोडावी लागली होती, त्यामुळे मोठ्या तारा असत्या तर सगळंच वाचलं असतं असं नाही. पण त्यांच्याकडे ती काही तासांपुरती गेली, कारण त्यांना त्यांच्या पलीकडच्या शेजाऱ्यांकडून वीज आणता आली. हे वाचताना मला सारखी आमची नारिंगी कॉर्ड आठवत होती.

कोणता सोर्स चांगला हे भांडण मला आता पुरेसं वाटत नाही, त्याचं एक कारण कॅनडातल्या क्युबेकचं आहे. तिथे जवळजवळ सगळी वीज पाण्यावर तयार होते आणि बरीच घरं विजेवर तापतात. जानेवारी १९९८ मध्ये तिथे पाच-सहा दिवस गोठणारा पाऊस पडला. धरणांना काही झालं नाही, टर्बाइन फिरत होते, पण तारांवर आणि खांबांवर बर्फाचा थर चढत गेला आणि हजाराच्या वर लोखंडी टॉवर वाकून आडवे झाले. सुमारे १४ लाख ग्राहक अंधारात, काहीजण महिनाभर. बूशरव्हिल नावाच्या गावात तर रेल्वेचं डिझेल इंजिन रुळावरून उतरवून रस्त्यावरून आणलं आणि त्याच्या जनरेटरवर नगरपालिकेच्या इमारतीला वीज दिली. तिथे वीज होती, पोचवायला तार नव्हती. आमच्याकडे तारा शाबूत होत्या, त्यांतून पाठवायला वीज नव्हती. विहीर, पाईप, कंप्रेसर, प्लांट, टॉवर, फीडर, ब्लोअर, यातला एक दुवा जरी गेला तरी शेवटी माणूस थंडच पडतो, आणि कुठला दुवा कच्चा आहे हे त्याला ज्या दिवशी कळतं तो दिवस बहुतेक उणे १९ चा असतो.

वीज बुधवारी रात्री उशिरा आली. फर्नेसने आधी जळक्या धुळीचा वास सोडला, मग गरम हवा. आई हॉलच्या मधोमध व्हेंटखाली उभ्या राहिल्या आणि वर बघून त्यांनी नमस्कार केला. लेक झोपलेली होती, तिला उठवलं नाही. गुरुवारी पाणी उकळून प्यायची सूचना आली ती वेगळीच, राज्यात एक कोटीपेक्षा जास्त लोकांना तेव्हा पाण्याचा त्रास झाला, पंपही विजेवरच असतात. आमचा एक पाईप गॅरेजच्या भिंतीत फुटला, तो दुरुस्त झाला. काहीजणांचे प्लॅन विजेच्या घाऊक दराला जोडलेले होते, त्या आठवड्यात तो दर मेगावॅट-तासाला ९००० डॉलरवर, म्हणजे युनिटला ९ डॉलरवर चार दिवस ठेवलेला होता, त्यांना हजारो डॉलरची बिलं आली. ज्यांचे दर ठरलेले होते त्यांनाही सुटका नाही, कंपन्यांच्या त्या आठवड्याच्या खर्चासाठी बाँड काढले गेले आणि त्याचे हप्ते ग्राहकांच्या बिलांतून वर्षानुवर्षं जाणार आहेत.

काही बदललं का? बदललं, आणि ते सांगायला मला आवडेल. जून २०२१ मध्ये सिनेट बिल ३ वर सही झाली, पॉवर प्लांटना थंडीची तयारी करणं बंधनकारक झालं, तपासणी सुरू झाली, गॅसच्या महत्त्वाच्या ठिकाणांची यादी करून ती न तोडायच्या नकाशात घातली. बॅटऱ्या २०२१ मध्ये जवळजवळ नव्हत्याच, आता ग्रिडवर १०,००० मेगावॅटच्या वर आहेत, आणि थंडीत सकाळी सूर्य वर यायच्या आधीचा जो कठीण तास-दोन तास असतो तो त्या ढकलून नेतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये हिवाळ्यातली मागणी ८०,००० मेगावॅटच्या वर गेली, २०२१ च्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि वीज तोडायची वेळ आली नाही. पण ती थंडी २०२१ इतकी लांबली नव्हती. तास-दोन तासांची बॅटरी तीन दिवसांच्या थंडीला पुरत नाही, आणि गॅसच्या विहिरींची तयारी प्लांटइतकी कडक तपासली जात नाही असं मला वाचून वाटतं. डिसेंबर २०२२ मध्ये पूर्वेकडच्या राज्यांत वादळ आलं तेव्हा टेनेसी व्हॅली अथॉरिटी या तिथल्या मोठ्या सरकारी वीज कंपनीला स्थापनेपासून पहिल्यांदाच वीज तोडावी लागली, आणि तिथेही प्लांटमधल्या यंत्रणा गोठल्याच होत्या.

आम्ही घरात एक गोष्ट केली. फर्नेसचा ब्लोअर ज्या वायरवर आहे तिथे इलेक्ट्रिशियनकडून स्विच आणि प्लग बसवून घेतला, म्हणजे वीज गेली की एका छोट्या पोर्टेबल बॅटरीवर ब्लोअर आणि बोर्ड चालवता येईल. सहा-सात तास चालतो, मी मोजून बघितलंय. आई परत गेल्या, दरवर्षी जानेवारी लागला की फोनवर विचारतात, "ती बॅटरी चार्ज केलीस का गं?" अर्कॉटच्या साईटवर त्या क्षणाची फ्रिक्वेन्सी दिसते, पारा शून्याखाली गेला की रात्री झोपायच्या आधी मी ती बघते. ५९.९८, ६०.०१, ५९.९९, असं हलत असतं.

शेजारचे आजोबा अजून आहेत, मशीन आता पोर्टेबल घेतलंय. समोरच्या बाईंनी त्या वर्षीच उन्हाळ्यात दोन नवीन कॉर्ड आणल्या, जाड, बाहेर चालणाऱ्या, रस्ता ओलांडून आमच्या दारापर्यंत पुरतील एवढ्या. मी पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत. एक त्यांच्या गॅरेजमध्ये भिंतीला अडकवलीये आणि एक आमच्या, कारण पुढच्या वेळी रस्त्याची कुठली बाजू अंधारात असेल ते कोणालाच माहीत नाही.